खुर्ची चढाकडं सरकते

१

दुपारचं जेवण झालं की मी पडवीत जाऊन बसते. मांडीवर घेवड्याच्या वाळक्या दाण्यांचं ताट, पायाशी कॉफीचा मग आणि बुडाखाली माझी डुलती खुर्ची. माझ्या नवऱ्यानं, एर्लनं, ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हातानं केली. खुर्ची गुणाची आहे, पण तिला एक खोड आहे. डुलता डुलता ती सरकते. आमच्या पडवीची जमीन पायऱ्यांकडं उतरती, त्यामुळं तासाभरात खुर्ची हातभर तिकडं जाते. मग मी उठायचं, तिला मागं ओढायचं, परत बसायचं. पन्नास वर्षं हेच चाललंय. एर्ल म्हणायचा, ही बाई बसल्या बसल्या मला सोडून चालली.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. दाणे निवडून झाले, उठायला गेले, तर कोपर कठड्याला आपटलं. कठडा दुसऱ्या टोकाला आहे, पायऱ्यांच्या उलट बाजूला. म्हणजे खुर्ची चढाकडं सरकली होती.

मला आधी हसू आलं. म्हणलं, कुणी तरी माझीच थट्टा केली. आमच्या खोऱ्यात थट्टेचा मक्ता माझ्याकडं आहे. पाद्रीबाबाच्या टोपीत कच्चं अंडं ठेवणारी मी. डेल्फाच्या मुलीच्या लग्नात केकच्या एका थरात कापूस भरणारी मी, आणि तो तुकडा नेमका नवरदेवाच्या आईला जावा याची काळजी घेणारीही मीच. तेव्हा कुणी उट्टं काढलं असेल तर रास्तच होतं. पण आसपास कुणी नव्हतं. आणि मी खुर्चीवरून उठलेही नव्हते.

मग वाटलं, जमीन कलली असेल. आमच्या डोंगराच्या पोटात कोळशाच्या जुन्या खाणी आहेत, घरं कलतात, त्यात नवल नाही. बटणांच्या डब्यातून एक गोटी आणली आणि कठड्यापाशी जमिनीवर ठेवली. गोटी जराशी थांबली आणि सरळ पायऱ्यांकडं निघाली. टप, टप, टप, तिन्ही पायऱ्या उतरून गवतात गेली. जमीन होती तशीच होती.

परत खुर्चीत बसले आणि खाली फळीतल्या खिळ्यांवर नजर ठेवून डुलायला लागले. दर झोक्याला खुर्ची कणभर पुढं. एक खिळा गेला, दुसरा गेला. चढाकडं.

कठड्याच्या पलीकडं ओढा आहे. ओढ्याच्या पलीकडं, अगदी त्याच रेषेत, डेल्फाचं घर.

२

डेल्फा माझी चुलत बहीणही आणि मावस बहीणही. आमचे बाप सख्खे भाऊ, आया सख्ख्या बहिणी. त्यामुळं आम्ही दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या. तेच लांब नाक, तेच पुढं आलेले दात. शाळेत मास्तरीण माझ्या चुकांबद्दल तिला उभं करायची आणि ती निमूट उभी राहायची. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा डेल्फा म्हणाली, आता माझ्या चुका मलाच कराव्या लागणार.

पुढं दोघींना एकाच वर्षी फुप्फुसाची गाठ निघाली. आमच्या केंटकीच्या डोंगरात हे काही अजब नाही. सिगारेटी ओढल्या, कोळशाच्या शेगड्या फुंकल्या, आणि डॉक्टर म्हणतात की जमिनीतूनही काही तरी वायू वर येतो. नेहमीच्या औषधानं दोघींचे केस गेले, गाठी राहिल्या. मग शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी निघाली. इथून दोन तासांचा रस्ता. तिथल्या डॉक्टर प्रॅदरनी आम्हा दोघींना घेतलं.

हा प्रॅदर डोंगरातलाच पोरगा. बापाकडं शिकारी कुत्री होती. त्यानं आम्हाला समजेल असं सांगितलं. औषधाचे कण करतात, नॅनो का काय म्हणतात ते, इतके बारीक की केसाच्या जाडीवर शेकड्यांनी बसतील. नुसतं औषध सोडलं तर ते अंगभर हिंडतं आणि चांगल्या मांसालाही चावतं. म्हणून ज्याची त्याची गाठ थोडी कापून घ्यायची, तिच्या पेशींचं वरचं साल काढायचं आणि ते एकेका कणावर चढवायचं. मग गाठीला वाटतं, आपलंच कुणी घरी आलं. ती दार उघडते आणि आत जाऊन कण औषध सोडतात.

“कुत्र्याला सदरा हुंगवतात ना, आजी,” तो म्हणाला, “तसं. तुमच्या बाटलीतल्या कणांनी तुमचाच सदरा हुंगलाय. दुसऱ्या कुणाला ते ओळखणार नाहीत.”

मी विचारलं, आणि सदऱ्याचा धनी सापडला नाही तर कुत्रं काय करतं?

तो हसला. म्हणाला, “आमच्या बाबांची कुत्री धनी सापडेपर्यंत घरी यायची नाहीत.”

पहिली बाटली मार्चमध्ये चढवली. त्या कणांना चकाकी लावलेली असते, यंत्रात दिसते. प्रॅदरनं आम्हाला फोटो दाखवले. माझ्या छातीत उजवीकडं गाठ, आणि तिच्यावर सगळे कण मोहोळावरच्या माश्यांसारखे बसलेले. डेल्फाचंही तसंच, फक्त तिची गाठ डावीकडं. दोन आठवड्यांत खोकला निम्म्यावर आला. मी चर्चमध्ये मोठ्यानं गायले. लोकांना त्याचा त्रास झाला.

३

दुसरी बाटली एक एप्रिलला होती. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखीनं काय करायचं?

आमच्या टकलांवर लोकरीच्या टोप्या असायच्या, माझी तांबडी, डेल्फाची निळी. चर्चच्या गाडीतून उतरायच्या आधी आम्ही टोप्या बदलल्या, स्वेटर बदलले. दाराशी एक मुलगी नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटाला पट्टी बांधते. मी डेल्फाचं नाव सांगितलं, डेल्फानं माझं. नेहमीची नर्स रजेवर होती. नवी नर्स भली होती. तिनं बाटलीवरचं नाव आणि पट्टीवरचं नाव ताडून बघितलं आणि परत तोंडी विचारलं. आम्ही शपथेवर सांगितल्यासारखं उत्तर दिलं. तिची काही चूक नाही, हे मी कुणालाही सांगेन.

ठरलं होतं असं, की बाटली लावली की “एप्रिल फूल” म्हणून ओरडायचं. पण औषधाआधी एक झोप आणणारं इंजेक्शन देतात. नर्सनं नळी जोडली. मी डेल्फाकडं बघितलं, म्हणलं ही ओरडेल. ती माझ्याकडं बघत होती, की ही ओरडेल. दोघी ओठ दाबून हसत बसलो, आधी कोण हरतं ते बघत. आणि तशाच झोपलो.

जाग आली तेव्हा दोन्ही बाटल्या अर्ध्याच्या खाली गेल्या होत्या.

डेल्फाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मी नर्सला हाक मारायला तोंड उघडलं तर डेल्फानं माझं मनगट धरलं. आम्ही सही केलेल्या कागदात लिहिलं होतं, नियम मोडला तर चाचणीतून नाव काढणार. आणि या औषधापलीकडं आम्हा दोघींसाठी काहीच उरलं नव्हतं, हे प्रॅदरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

“तीन आठवड्यांनी पुढची बाटली आहे,” डेल्फा हळूच म्हणाली. “ती नीट घेऊ. ही वाया गेली म्हणायचं.”

मी मान हलवली. गाडीत बसताना टोप्या परत बदलल्या. वाटेभर आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि असं आमच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

४

खुर्ची सरकली त्याच्या चौथ्या दिवशी डेल्फाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की बिस्किटं भाजायला घेतली तर परातीत सगळी एका कडेला लागली. तीनदा नीट मांडली, तीनदा तेच. शेवटी लक्षात आलं, ती स्वतःच तिरकी उभी राहतेय, वाऱ्यात उभं राहिल्यासारखी.

मी विचारलं, कुठल्या बाजूला?

तिकडं खिडकीचा पडदा सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “खिडकीतून मला तुझी पडवी दिसते, ओलेटा.”

मी म्हणलं, म्हातारी झालीस, तोल जातो. चष्मा बदल. आणि फोन ठेवून खुर्ची मागं ओढली.

रविवारी चर्चमध्ये मी मुद्दाम बाकाच्या एका टोकाला बसले. डेल्फा दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये सहा माणसं मावतील एवढी जागा. दोघींनी हे न बोलता केलं होतं. पाद्रीबाबाचं प्रवचन लांबलं. लाकडी बाक, गुळगुळीत झालेला, आणि मी काही हललेबिलले नव्हते. शेवटच्या प्रार्थनेला डोळे मिटले. उघडले तेव्हा माझा खांदा डेल्फाच्या खांद्याला टेकला होता.

सगळ्यात वाईट काय सांगू? बरं वाटलं. छातीतली करकर थांबली, श्वास तळापर्यंत गेला. डेल्फाही लांब श्वास घेत होती. कितीतरी वेळ आम्ही तशाच बसलो. लोक उठून गेले तरी दोघींना उठवेना. शेवटी डेल्फाची मुलगी ट्वाइला आली आणि म्हणाली, चला, दोन्ही म्हाताऱ्यांना काय चिकटवलंय का.

तिनं आईला दंडाला धरून उठवलं. मला छातीत कुणी तरी दार ओढून घ्यावं तसं झालं.

५

तीन आठवडे झाले. बाटलीआधी फोटो काढतात. मी यंत्रात आडवी झाले, बाहेर आले, आणि प्रॅदर काचेपलीकडं पडद्यासमोर उभा होता. मग त्यानं मला आत बोलावून दाखवलं.

गाठ काळीच होती, आणि वाढली होती. तिच्यावर एकही कण नव्हता. सगळे कण छातीच्या डाव्या कडेला, फासळ्यांच्या आतून, एका ओळीत उभे. कुंपणाला नाक लावून गुरं उभी राहतात ना, तसे.

तो म्हणाला की हे कण आठ दिवसांत अंगातून निघून जायला हवे होते. “धरून बसलेत, आजी. कशासाठी थांबलेत तेच कळत नाही.” यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यानं माणूस बोलावला आणि तासाभरानं परत फोटो काढला.

या वेळी ओळ उजव्या कडेला होती.

मी बाहेर आले. डेल्फा बाकावर बसली होती, नुकतीच कुठून तरी आल्यासारखी. मी विचारलं, मघाशी कुठं होतीस? ती म्हणाली, इथंच बसले होते, मग ट्वाइला खाली ॲपल पाय खायला घेऊन गेली, काही चव नव्हती. मी विचारलं, खाली म्हणजे कुठल्या बाजूला? तिनं हात केला. मी यंत्रात पाय दाराकडं करून निजले होते. मनातल्या मनात तशीच परत निजले आणि बाजू मोजली. उजवी.

डेल्फाचे फोटो काढले तेव्हा मी जागची हलले नाही. मला बघायचंच नव्हतं.

मग प्रॅदरनं आम्हा दोघींना समोर बसवलं. कण निघून जाईपर्यंत पुढची बाटली द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. थकलेला दिसत होता. त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, “एक तारखेला काही वेगळं झालं होतं का? काहीही. मी रागावणार नाही.”

डेल्फानं माझ्याकडं बघितलं. बोलायचं मीच, हे लहानपणापासून ठरलेलं. चूक माझी असली की ती उभी राहायची, पण बोलायची मी.

मी म्हणलं, “कॉफी गार होती.”

प्रॅदर कसनुसा हसला आणि चष्मा चढवला. परतताना गाडीत डेल्फा म्हणाली, सांगायला हवं होतं. मी म्हणलं, पुढच्या खेपेला सांगू.

६

पुढची खेप डेल्फाला नव्हती. तिची गाठ भराभर वाढली. ट्वाइलानं तिला पुढच्या खोलीत, चाकांचा पलंग आणून ठेवलं. मी रोज दुपारी ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून जायची. जाताना पाय हलके, उतारावरून चालल्यासारखे. येताना मात्र प्रत्येक पाऊल चिखलातून काढल्यासारखं.

पलंग खोलीच्या मध्यावर ठेवलेला असायचा, चाकांना खिट्ट्या लावलेल्या. मी जाऊन बघावं तर तो भिंतीला टेकलेला. ओढ्याकडच्या भिंतीला. ट्वाइला म्हणायची की आई कुशी बदलते, त्यानं सरकतो. आईला दुसऱ्या कुशीवर वळवलं तरी परत तिकडंच तोंड करते, भिंतीत काय बघते कुणास ठाऊक. मी पलंगाशी बसले की डेल्फा माझ्याकडं वळायची आणि दोघींचा खोकला थांबायचा.

एकदा ट्वाइला कपडे वाळत घालायला गेली होती. मी डेल्फाला विचारलं, दुखतं का गं?

“दुखत नाही,” ती म्हणाली. “लाज वाटते. परक्या घरी आलेला पाहुणा कसा दारातच उभा राहतो, निघतो निघतो म्हणत? तसे उभे आहेत ते माझ्यात. तुझे आहेत ना. तुझ्यासारखेच हट्टी.”

मी म्हणलं, आणि तुझे माझ्यात काय करतात माहितीये? रात्रंदिवस कुरकुर. अगदी तुझ्यासारखी.

ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. मग म्हणाली, “मी गेले की ते कुठं जातील, ओलेटा?”

मातीत मिळतील, मी म्हणलं.

तिला ते पटलं नाही. तिनं माझी बोटं धरली आणि सांगितलं की मी गेल्यावर तरी सांग. डॉक्टरला सांग, ट्वाइलाला सांग. माझ्या वेळेचं गेलं ते गेलं, पण तुझी बाटली अजून येऊ शकते. मी हो म्हणलं. मे महिन्याच्या सहा तारखेला, सकाळी न्याहारीच्या वेळी, ती गेली. मी माझ्या स्वयंपाकघरात अंडं फेटत होते. मला वाटलं छातीतली ओढ आता सुटेल. सुटली नाही. उलट ताणली गेली, शिडाच्या दोरीसारखी, आणि मी टेबलाला धरून उभी राहिले.

आमच्याकडं पुरायच्या आधी पेटी उघडी ठेवतात, लोक येऊन बघतात. चर्चमध्ये मी डाव्या बाजूच्या बाकावर बसले. डेल्फाला निळा झगा घातला होता, ओठांना जरा रंग लावला होता. तोंड माझ्याकडं होतं. पेटीतल्या माणसाचं तोंड छताकडं असतं. पुरणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा पुढं आला, हलक्या हातानं मान सरळ केली, गालाशी टॉवेलाची गुंडाळी लावली. रक्त थांबलं की त्यातले कणही थांबले, एवढं आठवी शिकलेलीलाही कळतं. मी हे मनात परत परत म्हणत होते. मग मला बसवेना, म्हणून उठून चर्चच्याच उजवीकडच्या स्वयंपाकघरात गेले, बायकांबरोबर कप विसळले. बराच वेळ विसळले.

परत आले तेव्हा टॉवेलाची गुंडाळी पेटीबाहेर, जमिनीवर पडली होती. मी दारातच उभी राहिले. पेटीच्या कडेवरून फक्त तिचं लांब नाक दिसत होतं. आणि ते स्वयंपाकघराच्या बाजूला होतं.

७

चर्चमागच्या टेकडीवर आमची थडगी आहेत. आम्ही मातीचा ढीग सपाट करत नाही, उंच ठेवतो, पावाच्या लादीसारखा गोल, आणि कडेनं नदीतल्या पांढऱ्या शिंपा खोचतो. मेच्या शेवटच्या रविवारी सगळं खोरं तिथं जमतं. गवत उपटायचं, माती झाडायची, फुलं ठेवायची आणि मग तिथंच झाडाखाली ताटं मांडून जेवायचं. पोरं थडग्यांमधून पळतात, म्हाताऱ्या एकमेकींच्या बटाट्याच्या सॅलडला नावं ठेवतात.

तोपर्यंत माझी खुर्ची कठड्याकडं सरकायची बंद झाली होती. ती आता पडवीच्या मागच्या भिंतीकडं सरकायची. भिंतीच्या मागं घर, आणि घराच्या मागं, ओढ्याच्या वर, चर्चची टेकडी आहे.

डेल्फाचा ढीग नवा, तांबडा. डोक्याकडचा दगड पेटी पुरायच्या दिवशीच बसवला होता, ढिगाला अगदी लागून. आता दगड आणि ढीग यांच्यामध्ये फट होती. मी हात घालून बघितला. वीतभर. आणि पायाकडं, उताराच्या बाजूला, ट्वाइलानं खोचलेल्या शिंपा मातीखाली गेल्या होत्या, आणि त्यांच्या पुढचं गवत मुडपलेलं होतं. पायाकडच्या बाजूला उभं राहून खाली बघितलं की माझं छप्पर दिसतं.

ट्वाइला म्हणाली, पावसानं माती खाली आलीये. तिनं खुरप्यानं ती परत वर ओढली.

ती फुलं आणायला गेली. मी ढिगाशी बसले. ऊन चांगलं होतं, मागं लोक हसत होते, कुणी तरी तळलेल्या कोंबडीचं झाकण उघडलं होतं, वास येत होता. मी हात मातीवर ठेवला. छातीतली करकर थांबली. श्वास थेट तळापर्यंत गेला, चर्चच्या बाकावर गेला होता तसा. आणि माझ्या तळहाताखाली माती वर आली. फार नाही. उबेला ठेवलेलं पावाचं पीठ फुगून बोटाला लागतं ना, तेवढी. हात जरा उचलला, तशी तीही उचलली गेली.

मी हात काढून घेतला. मातीवर माझा पंजा उमटायला हवा होता, खोलगट. तो उमटला होता, पण फुगीर.

ट्वाइला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. टोप्या, पट्ट्या, बाटल्या, सगळं. म्हणलं, तुझ्या आईच्या अंगात माझं औषध गेलं, माझ्या अंगात तिचं. मी वेळेवर बोलले असते तर कदाचित ती वाचली असती. आणि ते अजून माझ्याकडं यायला बघतंय.

ती ऐकत राहिली. हातात कागदाची फुलं. मग तिचा चेहरा असा झाला, की तसा तो मी फक्त तिच्या लग्नात केक कापताना बघितला होता.

“मावशी,” ती म्हणाली, “आईच्या थडग्यावर तरी नको.”

मी म्हणलं, पोरी, ही थट्टा नाही.

“तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस,” ती म्हणाली. फुलं ठेवली आणि जेवायला गेली. जाताना तिनं शेजारणीला काही तरी सांगितलं. शेजारीण माझ्याकडं बघून मान हलवत हसली.

८

सोमवारी सकाळी नऊला प्रॅदरला फोन लावला. म्हणलं, नाव काढायचं तर काढा, पण आधी ऐका. मी पडवीत उभी होते. बसायची सोय नव्हती. खुर्ची मागच्या भिंतीला पाठ घासत होती, आणि आता तिच्यावर कुणी बसायलाही लागत नव्हतं.

मी त्याला कॉफीपासून सगळं सांगितलं. कॉफी गरम होती, हेसुद्धा. डेल्फानं सांगायला सांगितलं होतं आणि मी महिनाभर काढला, तेही. नर्सला बोल लावू नका म्हणलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त कागद उलटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी वाट बघत होते की तो रागावेल. किंवा हसेल. हसला असता तर मला चाललं असतं. खरं सांगते, मी देवाकडं तेच मागत होते.

शेवटी त्यानं विचारलं, डेल्फा आजींना जाळलं की पुरलं?

पुरलं, मी म्हणलं.

मग त्याचा आवाज बदलला. डॉक्टरचा राहिला नाही, डोंगरातल्या पोराचा झाला, ज्याच्या बापाची कुत्री घरी यायची नाहीत.

“आजी,” तो म्हणाला, “त्या तुमच्यापासून किती लांब आहेत?”

मी घराला वळसा घालून मागं गेले आणि टेकडीकडं बघितलं. स्वच्छ ऊन पडलं होतं. दगडांची रांग, तिच्यात डेल्फाचा नवा पांढरा दगड. आणि त्याच्या खालच्या बाजूला, उतारावर, गवतात उठून दिसणारी तांबडी माती.

“काल होत्या,” मी म्हणलं, “त्यापेक्षा जवळ.”